गमावलेलें वर्ष

विद्यार्थ्यांवर पडणारा अभ्यासाचा ताण हा आपल्या काळानें उत्पन्न केलेला रोग आहे, अशी समजूत सुशिक्षित कुटुंबांतून सर्वत्र रूढ झालेली दिसते. आपल्या आजा-पणजांना असला ताण ठाऊक नव्हता, ते ओढ्यावर पोहत, विटीदांडू खेळत, जमेल तेवढा अभ्यास करीत आणि तरीहि विद्वान् होत, असें आपण मुलांच्या देखत वारंवार बोलून दाखवितों. ह्या बोलण्यानें मुलांचें ओझें हलकें होत नाहीं. उलट, तें पेलण्यास आपलीच पिढी तेवढी दुबळी निघाली, असें त्यांस वाटूं लागतें. म्हणून ह्या समजुतीची इतिहासाच्या आधारें एकदां तपासणी करावी, असें आम्हीं योजिलें आहे.

आम्ही राहतों तें चिखलोली गांव अंबरनाथ आणि बदलापूर ह्या दोन स्थानकांच्या मध्यें आहे. येथील धरणाचें पाणी अंबरनाथास जातें, आणि येथील मुलें शिक्षणासाठीं अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर, कल्याण, किंबहुना ठाण्यापर्यंत जातात. पहांटे आम्ही फिरावयास निघतों तेव्हां रिक्षाची वाट पाहणारीं, पाठीवर दप्तर असलेलीं मुलें भेटतात. सकाळीं कॉलेज, दुपारीं क्लास, संध्याकाळीं चाचणी, असा त्यांचा दिवस असतो. शेजारची एक सतरा वर्षांची मुलगी वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करीत आहे. तिला आम्हीं एकदां सहज विचारलें, "यंदा नाहीं साधलें, तर पुढें काय करणार?" तिनें घराच्या दाराकडे पाहिलें आणि हळूच म्हणाली, "काका, तसं आमच्या घरांत बोलायचं नसतं." अभ्यास फार आहे, अशी तिची तक्रार नव्हती. यश हुकण्याची गोष्ट तोंडांतून काढण्याचीहि तिला चोरी होती. ह्या उत्तरानेंच आम्हांस जुन्या काळाकडे वळविलें.

आमच्या गांवावरून जाणारा लोहमार्ग १८५६ सालचा. कल्याणपर्यंत आलेली आगगाडी त्या वर्षीं घाटाच्या पायथ्याकडे धावूं लागली. पुढच्याच वर्षीं, १८५७ सालीं, मुंबई विद्यापीठ स्थापन झालें, आणि १८५९ सालीं त्याची पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे मॅट्रिक, घेण्यांत आली. तत्पूर्वीं आपल्याकडे परीक्षा नव्हत्या असें नाहीं. पेशव्यांच्या दक्षिणेसाठीं पुण्यास जमलेल्या शास्त्र्यांची परीक्षा होतच असे. परंतु ज्याची तयारी झाली तो परीक्षेस बसे, आणि एका शास्त्रांत निष्णात असलेल्यास दुसऱ्या शास्त्रांतील उणिवेबद्दल कोणी परत पाठवीत नसे. नव्या परीक्षेची रीत निराळी होती. सगळ्या इलाख्यांतील मुलांनीं ठराविक दिवसांत, परक्या भाषेंतून, सगळ्या विषयांचीं उत्तरें द्यावयाचीं, आणि एका विषयांत कमी पडलें तर सगळेच विषय पुन्हां द्यावयाचे! बसलेल्यांपैकीं बहुतेक नापास होत. तरी मुलें बसतच राहिलीं, कारण सरकारी नोकरीचें दार मॅट्रिकच्या दाखल्यानेंच उघडत असे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या आठवड्याभराच्या उत्तरांवर साऱ्या घराचें भवितव्य टांगण्याची चाल आपल्याकडे तेव्हांपासून पडली.

त्या पहिल्या परीक्षेस बसून उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे हे एक होते. १८६२ सालीं जे पहिले पदवीधर निघाले त्यांतहि ते होते. अतिवाचनानें त्यांचे डोळे ऐन तारुण्यांतच अधू झाले, आणि ती अधूता त्यांस जन्मभर पुरली. पुढील पिढीकडे पाहतां लोकांच्या मनांत भय उत्पन्न होणें स्वाभाविक होतें. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ सालीं वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं गेले. न्यायमूर्ति काशिनाथ त्रिंबक तेलंग १८९३ सालीं त्रेचाळिसाव्या वर्षीं गेले. आगरकर १८९५ सालीं गेले तेव्हां त्यांना चाळीसहि पुरीं झालीं नव्हतीं. पदवीधर लवकर कां मरतात, हा त्या काळीं वर्तमानपत्रांत आणि सभांत चर्चेचा विषय झाला होता. १८९४ सालीं स्वतः रानड्यांनीं ह्या प्रश्नाची जाहीर चर्चा केली.

येथें आम्हांस एक इशारा दिला पाहिजे. ह्या मृत्यूंचें खापर केवळ परीक्षेवर फोडणें न्यायाचें होणार नाहीं. क्षय, विषमज्वर, दमा ह्यांवर त्या काळीं खात्रीचा इलाज नव्हता. बालविवाह, दारिद्र्य आणि शहरांतील कोंदट बिऱ्हाडें हींहि आपलें काम करीत होतीं. न शिकलेलेहि तरुणपणीं मरतच होते, त्यांची मोजदाद कोणी ठेविली नाहीं इतकेंच. तरीहि रानड्यांनीं सुचविलेला उपाय ध्यानांत घेण्याजोगा आहे. अभ्यास सोपा करा, असें त्यांचें म्हणणें नव्हतें. परीक्षेचे भाग पाडावे, जो भाग उत्तीर्ण झाला तो झाला असें धरावें, आणि राहिलेला भाग विद्यार्थ्यास पुढें देऊं द्यावा, असा त्यांचा आग्रह होता. विद्वत्तेची उंची कायम ठेवून चढणीवर पायऱ्या कराव्या, एवढेंच त्यांचें मागणें. तें मान्य होण्यास फार काळ लागला. आज ज्या सवलतीला मुलें "एटीकेटी" म्हणून हिणवितात, तिच्या मुळाशीं हाच विचार आहे, हें फारच थोड्यांस ठाऊक असेल.

त्याच काळांतील दुसरें उदाहरण बाळ गंगाधर टिळकांचें. मॅट्रिक होऊन ते डेक्कन कॉलेजांत गेले तेव्हां प्रकृति नाजूक, आणि वडिलांचें छत्र नुकतेंच हरपलेलें. त्यांनीं पहिलें वर्षच्या वर्ष तालीम, पोहणें आणि शरीर कमावणें ह्यांत घालविलें. परीक्षेच्या दृष्टीनें तें वर्ष वायां गेलें. पुढें १८७६ सालीं ते बी. ए. झाले, आणि मंडालेच्या तुरुंगांतील सहा वर्षें सोसण्यास जें शरीर उपयोगीं पडलें, त्याचा पाया त्या वायां गेलेल्या वर्षांत घातलेला होता. मात्र ही गोष्ट सांगतांना तिची दुसरी बाजू लपवितां कामा नये. टिळकांच्या वडिलांनीं मागें थोडीबहुत पुंजी ठेविली होती. शिष्यवृत्तीवर आणि मिळेल त्या कामावर शिकणाऱ्या आगरकरांना वर्ष गमावणें परवडण्याजोगें नव्हतें. गमावण्याची मुभा ही तेव्हांहि एक प्रकारची श्रीमंतीच होती.

आमच्या गांवाहून थोड्याच मैलांवर असलेल्या कल्याण येथें १८६५ सालीं यमुना नांवाची एक मुलगी जन्मली. नवव्या वर्षीं तिचें लग्न तिच्याहून वीस वर्षांनीं मोठे, पोस्टखात्यांत नोकरीस असलेले गोपाळराव जोशी ह्यांच्याशीं झालें, आणि ती आनंदीबाई झाली. बायकोनें शिकलेंच पाहिजे हा गोपाळरावांचा हट्ट त्या काळीं अपूर्व होता. पण त्याची रीत कशी होती, तें आनंदीबाईंनीं पुढें अमेरिकेहून त्यांना लिहिलेल्या पत्रांत नमूद केलें आहे: लहानपणीं लांकडाचे तुकडे फेकून मारणें, पुढें पुस्तकें आणि खुर्च्या भिरकावणें, त्याहि पुढें सोडून जाण्याची धमकी देणें. चौदाव्या वर्षीं झालेलें मूल दहा दिवसांत गेलें. १८८३ सालीं अठरा वर्षांच्या ह्या बाईंनीं एकटीनें अमेरिकेचा प्रवास केला. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत, थंडी आणि परका आहार सोसून, त्यांनीं तेथील अभ्यासक्रम पुरा केला. पदवीसाठीं लिहिलेल्या प्रबंधांत आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचें विवेचन त्यांनीं केलें. ११ मार्च १८८६ रोजीं पदवी मिळाली. त्याच वर्षअखेर त्या क्षयानें खंगून स्वदेशीं परतल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयांतील नेमणूक वाट पाहत राहिली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, बाविसावें वर्ष पुरें होण्यापूर्वीं, त्यांचें पुण्यास देहावसान झालें.

आनंदीबाईंचें चरित्र आपण मुलींना स्फूर्तीसाठीं वाचावयास देतों, आणि तें योग्यच आहे. परंतु एक प्रश्न आपण त्यांतून गाळतों. आजार अंगांत शिरला आहे हें दिसत असतां त्यांनीं एक वर्ष विश्रांति कां घेतली नाहीं? आमचें उत्तर असें, कीं त्यांना अपयशी होऊन परत येतां येण्याजोगें घर किंवा समाज उरलेला नव्हता. कलकत्त्याजवळ श्रीरामपूर येथें जाण्यापूर्वीं भरसभेंत त्यांनीं आपला हेतु जाहीर केला होता. धर्माभिमान्यांची टीका आणि पतीची अपेक्षा दोन्ही पाठीशीं उभ्या होत्या. क्षय जंतूनें होतो, तो ताणानें होत नाहीं, हें खरें. पण थांबण्याची मुभा नसणें हें रोगाला साह्यकारीच होतें.

संशोधनाच्या क्षेत्रांतहि हीच कथा निराळ्या वेषानें दिसते. मुंबई विद्यापीठांतून १९३३ सालीं बी. एस्‌सी. झालेल्या कमला भागवत, पुढील कमला सोहोनी, ह्यांनीं बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत प्रवेश मागितला, तेव्हां संस्थेचे संचालक चंद्रशेखर व्यंकट रामन् ह्यांनीं त्या स्त्री आहेत म्हणून आधीं नकार दिला. बाईंनीं हट्ट सोडला नाहीं. मग एक वर्षाच्या अटीवर प्रवेश मिळाला. काम पाहून समाधान झाल्यावांचून तें मान्य होणार नव्हतें. बरोबरीच्या पुरुषांस जें वर्ष शिकण्याचें होतें, तें ह्यांना आपली लायकी सिद्ध करण्याचें झालें. त्या उतरल्या, केंब्रिजला गेल्या, वनस्पतींतील सायटोक्रोम-सीवर काम करून १९३९ सालीं डॉक्टर झाल्या, आणि पुढें मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. त्यांचा केंब्रिजचा प्रबंध चाळीसेक पृष्ठांचा होता, असें सांगतात. ज्ञानाची परीक्षा पानांवर होत नाहीं, ह्याला दुसरा पुरावा नको. तरी त्या अटीचा सल बाईंच्या मनांतून उतारवयापर्यंत गेला नाहीं.

हें लिहितांना आम्ही स्वतःस वगळूं शकत नाहीं. रसायनाच्या अध्यापनांत आमची तीस वर्षें गेलीं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनीं, प्रबंध सादर करण्यापूर्वीं एक निबंध प्रसिद्ध झालाच पाहिजे, अशी अट घातली होती. त्या दिवसांत आमच्या हाताखालील एका विद्यार्थ्यानें आंकडे पुन्हां तपासण्यास सहा महिने मागितले. आम्हीं नकार दिला. निबंध छापून आला, आणि त्यांतील चूक पुढें त्यानेंच, आमच्यासमोर मान खालीं घालून, दाखवून दिली. मान आमची खालीं जावयास हवी होती. २०२२ च्या नियमांनीं ती अट काढून टाकली. आमच्या विद्यार्थ्याचे सहा महिने मात्र परत आले नाहींत.

कायदे थोडेंबहुत काम करीत आहेत. अभियांत्रिकीची अखिल भारतीय प्रवेशपरीक्षा २०१९ पासून वर्षांतून दोनदां होऊं लागली. आमच्या राज्यांत दहावीला नापास झालेल्यांची फेरपरीक्षा २०१५ पासून जुलैंतच घेण्यांत येऊं लागली. सोळा वर्षांखालील मुलांना क्लासांत घेऊं नये, असे केंद्र सरकारनें २०२४ च्या जानेवारींत सांगितलें. रानड्यांचें मागणें असें तुकड्यातुकड्यानें पदरांत पडत आहे. परंतु घरांतील नियम कोणत्याहि मंडळाच्या हातीं नसतात. परीक्षा दोनदां झाली आणि घरांत एकदांच क्षमा असली, तर मुलाला त्या दुसऱ्या संधीचा उपयोग काय?

शेजारच्या मुलीच्या वडिलांपाशीं आम्हीं परवां टिळकांच्या त्या वर्षाची गोष्ट काढली. गृहस्थ कारखान्यांत काम करून घर चालविणारे, त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें, आणि म्हणाले, "सर, ते टिळक होते." आम्ही म्हणालों, "त्या वर्षीं नव्हते. त्या वर्षीं ते एक अशक्त पोरगे होते, आणि पहिलें वर्ष त्यांनीं गमावलें होतें." त्यावर ते कांहीं बोलले नाहींत. क्लासाचे पैसे कर्जाऊ काढलेले आहेत, हें आम्हांस मागाहून समजलें, आणि आगरकरांची आठवण झाली. ह्या गृहस्थांना उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. ज्यांच्या घरीं कर्ज नाहीं, दोन मिळवते आहेत आणि हें मासिक वाचण्याइतकी फुरसत आहे, त्यांना मात्र आम्ही विनवितों: एखाद्या संध्याकाळीं जेवतांना, मुलाच्या देखत, एक वर्ष गेलें तर काय करूं ह्याची चर्चा साध्या सुरांत करावी. ज्यांना परवडतें त्यांच्या घरांत ही गोष्ट बोलली जाऊं लागली, म्हणजे ज्यांना परवडत नाहीं त्यांच्यासाठीं ती मागण्याचें धैर्य समाजाला येईल.