पाच गेले, चार परत आले

हा भाग मी घरीच रेकॉर्ड केलाय, त्यामुळे ऑडिओत मागे कुकरच्या शिट्ट्या आणि रिक्षांचे हॉर्न ऐकू येतील. मनवेलपाड्यात रात्री अकराच्या आधी शांतता मिळणं कठीण. ज्यांना तो गोंगाट नको, त्यांच्यासाठी हे लिहिलेलं.

विषय मी निवडलेला नाही. आमच्याच बिल्डिंगमधल्या एका ताईने दिलाय. ताई नर्स आहे. आफ्रिकेतल्या एका निर्वासितांच्या छावणीत स्वयंसेवक म्हणून काम करायला गेली होती, गेल्या वर्षी परत आली. आता रोज विरार लोकल पकडून मुंबईतल्या एका हॉस्पिटलात ड्युटीला जाते. तिकडे जे सात जण एकत्र होते त्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सात जण, पाच देश. आधी ग्रुपवर रोज काहीतरी यायचं, आता सगळं थंड पडलंय.

"मी तरी काय लिहू?" ताई म्हणाली. "आज चौथी सीट मिळाली, हे लिहू? तू एवढा इतिहास सांगत असतोस, तर सांग ना, असे परदेशात सेवेला गेलेले आणि परत आल्यावरही एकमेकांना धरून राहिलेले कुणी आहेत का?"

मी लगेच म्हटलं, "डॉक्टर कोटणीस!"

"अरे, पण ते परतच आले नाहीत ना!"

गप्प बसलो. कारण बरोबर होतं तिचं. डॉ. कोटणीस आपल्याला माहीत आहेत ते परत आले नाहीत म्हणूनच. पण त्यांच्याबरोबर आणखी चार डॉक्टर गेले होते आणि ते चौघेही घरी आले. त्यांची नावं पटापट सांगा पाहू. मलाही एका दमात आठवली नव्हती.

तर आधी गोष्ट थोडक्यात. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण ताकदीनिशी हल्ला केला. चीनचे सेनापती झू दे यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. त्यांनी लोकांना आवाहन केलं, देशभरातून वर्गणी जमली, साधारण बावीस हजार रुपये. विचार करा, हा देश स्वतःच गुलाम, आणि दुसऱ्या देशाला डॉक्टर पाठवतोय. पाच जण निवडले गेले. अलाहाबादचे डॉ. मदन अटल हे प्रमुख. ते आधी स्पेनच्या यादवी युद्धात जखमींवर उपचार करून आले होते. नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर, वयाने ज्येष्ठ. कलकत्त्याचे दोघे, डॉ. देबेश मुखर्जी आणि डॉ. बिजॉय बसू. आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, वय सत्तावीस, परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमधून डॉक्टर झालेले. विरारवाल्यांना परळ काही लांब नाही. दादरला उतरायचं, चालत सुटायचं.

१ सप्टेंबर १९३८ ला 'राजपुताना' नावाच्या बोटीने ते मुंबईहून निघाले. आमच्या शेजारी सोपारा आहे, दोन हजार वर्षांपूर्वी तिथून जहाजं निघायची, बौद्ध भिक्खूही जायचे-यायचे. तेव्हा समुद्रापलीकडे जाणं या किनाऱ्याला काही नवं नाही. पण ते सोडा, तो वेगळा भाग होईल.

पाचही जणांना चीनमध्ये चिनी नावं मिळाली आणि प्रत्येक नावाच्या शेवटी एकच अक्षर होतं, 'हुआ'. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले के दिहुआ, बसू झाले बा सूहुआ. हे 'हुआ' लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मूळ बेत वर्षभराचा होता. कँटन, हांकौ, चोंगचिंग करत फेब्रुवारी १९३९ मध्ये ते येनानला पोचले, जिथे माओ आणि कम्युनिस्टांचा तळ होता. मधे चोंगचिंगला असतानाच कोटणीसांना वडील गेल्याची बातमी मिळाली. घरी जायची मोकळीक होती. ते गेले नाहीत.

मग एकेक जण परतायला लागला. चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्येच. मुखर्जींची तब्येत बिघडली होती. अटल १९४० मध्ये, तेही आजारपणामुळे. उरले दोघं, कोटणीस आणि बसू. हे दोघं काही महिने आघाडीवर बरोबर फिरले, शत्रूच्या रेषा ओलांडून, खेचरांवर सामान लादून. पुढे त्यांचेही रस्ते वेगळे झाले. बसू येनानच्या हॉस्पिटलात परतले, कोटणीस हबै प्रांतातल्या आघाडीवरच थांबले. त्यानंतर दोघांची भेट झालीच नाही.

कोटणीसांचं पुढचं तुम्हाला माहीत आहे. बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक, नर्सिंग शिकवणाऱ्या गुओ छिंगलानशी लग्न, ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा, त्याचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. आणि ९ डिसेंबर १९४२ ला फिट्सच्या आजाराने मृत्यू. वय बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा.

आता खरा भाग.

१९४३ मध्ये बसू एकटे भारतात परतले. कुठल्या भारतात? 'छोडो भारत'नंतरचा, नेते तुरुंगात असलेला. आणि कुठल्या बंगालात? दुष्काळाच्या. कलकत्त्याच्या फुटपाथवर माणसं मरत होती. पाच वर्षांपूर्वी ज्यांना हार घालून पाठवलं त्यांची विचारपूस करायला कुणाला फुरसत असणार? मला वाटतं, परतणाऱ्याची पहिली अडचण हीच असते. तो जिथून निघाला ते गाव त्याला परत मिळत नाही, आणि त्याने पाहिलेलं गाव इथे कुणी पाहिलेलं नसतं.

बसूंकडे मात्र एक गोष्ट होती, डायरी. ती त्यांनी चीनमध्ये असताना ठेवली होती. ख्वाजा अहमद अब्बास तेव्हा पत्रकारिता करत होते. बसूंनी सांगितलेल्या हकीकतींच्या आधारे त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं. ते १९४४ मध्ये आलं आणि त्याचं नावच होतं, 'आणि एक परत आला नाही' अशा अर्थाचं. त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' काढला, स्वतः कोटणीस झाले, जयश्रीबाई छिंगलान झाल्या. आज कोटणीस हे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत आहे, त्यातला मोठा वाटा या सिनेमाचा.

आता बघा कसं झालं. जो परत आला, त्याने न आलेल्याची गोष्ट सांगितली. आणि ती इतकी चांगली सांगितली गेली की सांगणारा स्वतः बाजूला पडला. पुस्तकाच्या नावात सुद्धा 'एक' आहे, 'चार' नाहीत. मला यात बसूंचा मोठेपणा दिसतो, थोडा आपला आळसही दिसतो. मेलेल्याचा पुतळा उभारता येतो. जिवंत परत आलेल्याला पत्र लिहावं लागतं, त्याच्या घरी जावं लागतं, त्याची तीच ती आठवण दहाव्यांदा ऐकावी लागते.

बसूंनी ते सगळं केलं. कोटणीसांच्या नावाने स्मारक समिती उभी राहिली, त्यात ते अखेरपर्यंत होते. तिकडे चीनशी दोर तुटू दिला नाही. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी ते पुन्हा चीनला गेले आणि येताना ॲक्युपंक्चर शिकून आले. १९५९ पासून कलकत्त्यात त्यांनी सुयांनी उपचार सुरू केले. भारतात ही पद्धत रुजवणारे म्हणून त्यांचंच नाव घेतात. मला हे फार आवडतं. त्यांनी नुसत्या आठवणी धरून ठेवल्या नाहीत, तिकडचं काहीतरी रोजच्या कामात आणलं. समोर पेशंट आहे, सुई टोचायची आहे, आणि ती सुई धरली की चीनशी संबंध आपोआप आला.

आणि वेळ बघा. तीनच वर्षांत १९६२ चं युद्ध. चिनी वंशाच्या हजारो माणसांना आसाम-बंगालमधून उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत टाकलं गेलं. कलकत्त्यात चीनचं नाव प्रेमाने घेणं म्हणजे संशय ओढवून घेणं. अशा दिवसांत चिनी उपचार करणारा, चीनमध्ये पाच वर्षं राहिलेला डॉक्टर. तरी सुया चालू राहिल्या. पुढे १९७५ मध्ये लुधियानात डॉ. कोटणीसांच्या नावाने ॲक्युपंक्चरचं हॉस्पिटल निघालं. सोलापूरचा सर्जन, नाव पंजाबातल्या हॉस्पिटलवर, आणि उपचार कलकत्त्याच्या मित्राने आणलेला.

दुसरा धागा घरातल्यांनी धरला. छिंगलान १९५८ मध्ये भारतात आली, सासरच्या माणसांना भेटली, नंतरही येत राहिली. यिनहुआ डॉक्टरकी शिकत होता, १९६७ मध्ये पंचविशीच्या आतच तोही गेला. तरी तिने कोटणीसांचं घर सोडलं नाही. २०१२ मध्ये ती गेली. चीनचे नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबाला भेटायचे. २०१४ मध्ये शी जिनपिंग दिल्लीत आले, तेव्हा नव्वदी पार केलेल्या मनोरमाताई, कोटणीसांच्या भगिनी, त्यांना भेटल्या. फोटो छान येतात अशा भेटींचे. पण त्या भेटीपर्यंत नातं टिकवलं ते साध्या पत्रांनी आणि एका चिनी वहिनीने.

बसूंची डायरी १९८६ मध्ये पुस्तक म्हणून आली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते वारले. चाळीसहून जास्त वर्षं त्यांनी हे सांभाळलं.

हे सगळं मी ताईला तिच्या किचनमध्ये बसून सांगितलं. ती भाजी निवडत होती. मला वाटलं, बसूंबद्दल काहीतरी विचारेल. तिने विचारलं, "ते नागपूरचे आणि ते दुसरे, आजारी पडून लवकर आलेले, त्यांना काय वाटलं असेल रे?"

मग कळलं. ताईला तिकडे कावीळ झाली होती. ठरलेल्या मुदतीच्या सात महिने आधी तिला परत पाठवलं. बाकी सहा जण शेवटपर्यंत राहिले. ग्रुपवर त्यांचे शेवटच्या दिवसाचे फोटो आले, निरोपाचं जेवण, मुलांनी काढलेली चित्रं. त्या फोटोंत ती नाही. चौथी सीट वगैरे सगळं निमित्त होतं.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुखर्जींना काय वाटलं हे मी कुठल्या तोंडाने सांगणार? एवढंच म्हटलं, की 'हुआ' पाचही जणांना मिळालं होतं. चार वर्षं राहिलेल्याला आणि वर्ष न भरलेल्यालाही. लवकर परत आले म्हणून कुणाच्या नावातून ते अक्षर काढलं नाही. चीनमध्ये आजही त्या तुकडीबद्दल बोलतात तेव्हा पाचही नावं घेतात.

"मुखर्जींचं चिनी नाव काय होतं?"

"मू कहुआ."

"परत सांग."

मी परत सांगितलं. तिने मोबाईल पुसून घेतला, हात भाजीचे होते, आणि मला म्हणाली, "हळू सांग जरा, व्हॉइस नोट करतेय. ग्रुपवर दोघं केनियाचे आहेत, त्यांना हिंदी कळत नाही. इंग्रजीत सांगशील ना, पहिल्यापासून?"