राणीचं कुत्रं आणि हायब्रीडची सरकी

बर्‍याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त आमच्या कन्येचं. वय वर्षे अकरा, मुक्काम पुणे. गेल्या शनिवारी तिने माझ्या लॅपटॉपवर एक यादीच उघडून ठेवली. डॉर्गी म्हणजे कॉर्गी आणि डाशहुंड. कोजॅक म्हणजे कॉर्गी आणि जॅक रसेल टेरियर. हॉर्गी म्हणजे कॉर्गी आणि हस्की. ऑगी म्हणजे कॉर्गी आणि ऑस्ट्रेलियन शेफर्ड. "बाबा, यातलं कुठलंही चालेल," असं वर औदार्य. किंमत बघितली आणि मला पहिल्या नोकरीतला पगार आठवला, तोही वर्षाचा.

कन्येने त्यातला एक फोटो धुळ्याला माझ्या मामांना पाठवला. मामा शेतकरी माणूस, घरात अहिराणी बोलतात. पाच मिनिटांत त्यांचा आवाज आला, "याना पाय कोनी कापी टाकात रे भो?"

हसून हसून पुरेवाट झाली. पण रात्री मला वेगळंच काहीतरी आठवत राहिलं.

१९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला आणि त्यातल्या टफीमुळे जळगावात पांढर्‍या झुबकेदार कुत्र्यांचं पेव फुटलं. सगळे त्यांना 'पॉम' म्हणायचे. खरं तर ते इंडियन स्पिट्झ, पण हे तेव्हा कुणाला माहीत! आमच्या गल्लीतही एका घरी अशी पॉम आली. तिला रोज शॅम्पू, बसायला वेगळी चादर. एका पावसाळ्यात ती फाटक उघडं राहिल्याने बाहेर पडली आणि दोन महिन्यांनी व्यायली. पिल्लं पिवळट, कान एक उभा एक पडका, शेपटी गोल. बाप कोण हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. तो रोज पानटपरीखाली झोपायचा.

त्या घरच्या काकूंनी शेजारणीला सांगितलेलं वाक्य मला अजून जसंच्या तसं आठवतं. "आमची कुत्री खराब झाली हो."

पिल्लं चार होती. मला आणि माझ्या मित्राला एका गोणपाटात ती बांधून दिली आणि मेहरूण तलावापलीकडे सोडून यायला सांगितलं. वर दहा रुपये. मी आठवीत होतो, नको म्हणायचं सुचलं नाही. सायकलच्या कॅरिअरला गोणपाट लावून आम्ही गेलो आणि सोडून आलो. फक्त येताना एक पिल्लू मी शर्टात घातलं. त्याचं नाव अर्थातच टफी. ते पुढे बारा वर्षं जगलं. शाळेत मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगायचो, "प्युअर आहे, प्युअर." उरलेल्या तिघांचं काय झालं ते विचारायला मी पुन्हा कधी तिकडे गेलो नाही.

आणि आता तीस वर्षांनी माझी मुलगी मला सांगतेय की दोन जातींचं मिळून झालेलं पिल्लू जास्त महाग असतं. असो. मुद्द्याकडे येतो.

कॉर्गी हे मूळचं वेल्समधलं, गुरं हाकायचं कुत्रं. वेल्श भाषेत 'कोर' म्हणजे बुटका आणि 'की' म्हणजे कुत्रा, जोडताना त्याचा 'गी' होतो. त्याचं काम गुरांच्या टाचेला चावून त्यांना पुढे रेटायचं. गाईने लाथ झाडली तर ती डोक्यावरून जावी, एवढंच त्याच्या उंचीचं गणित. आपल्याकडे हे काम कधी कुत्र्याचं नव्हतंच. धुळे जिल्ह्यातले ठेलारी मेंढरं घेऊन फिरतात, त्यांच्याबरोबर कुत्री असतात, पण ती राखणीला. लांडग्यावर धावून जायचं हे त्यांचं काम. कळप वळवायचा तो माणसाने, तोंडाने आवाज काढून. आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या तापी खिल्लारी बैलाच्या टाचेला एखाद्या कॉर्गीने चावून बघावंच, मला तो प्रयोग लांबून बघायला आवडेल :-)

कुत्र्यांच्या जातीची वही लंडनच्या केनेल क्लबने १८७३ मध्ये उघडली. त्याआधी कुत्रं ओळखलं जायचं ते कामावरून. उंदीर मारणारं, मेंढ्या राखणारं, गुरं हाकणारं. चांगलं काम करणार्‍या कुत्रीला चांगलं काम करणारा कुत्रा दाखवायचा, झालं. कॉर्गीचं नाव या वहीत चढलं १९२० च्या दशकात. तेव्हा पेम्ब्रोक आणि कार्डिगन ही दोन्ही कॉर्गी एकच जात धरली होती आणि त्यांच्यात सर्रास बेटीव्यवहार चालायचा. १९३४ मध्ये क्लबने ठरवलं की या दोन वेगळ्या जाती. मग आपलं कुत्रं यातलं कुठलं? ते पाळणार्‍याने सांगायचं! म्हणजे एका सकाळी मालकाने अर्ज भरला, आणि आदल्या दिवशीपर्यंत जो नुसता कॉर्गी होता तो शुद्ध पेम्ब्रोक झाला. माझ्यासारख्या डेटाबेसवर पोट भरणार्‍याला यात नवल वाटायला नको. एक रकाना वाढवला, जुन्या नोंदींना किंमत भरून टाकली आणि त्यानंतर तो रकाना बंद केला. शुद्धता सुरू झाली ती रकाना बंद झाला त्या दिवसापासून.

याच्या एकच वर्ष आधी, १९३३ मध्ये, तेव्हाच्या ड्यूक ऑफ यॉर्कने घरी डूकी नावाचा कॉर्गी आणला होता. त्याच्या मुलीला, म्हणजे पुढे राणी झालेल्या एलिझाबेथला, १९४४ मध्ये अठराव्या वाढदिवसाला सुसान मिळाली. सुसानचा वंश राणीने चौदा पिढ्या चालवला. त्यातली शेवटची विलो २०१८ मध्ये गेली. जगातल्या सगळ्यात काटेकोर वंशावळींपैकी ही एक असणार. आणि याच घरात १९७० च्या दशकात काय झालं? राणीची टायनी नावाची कॉर्गी आणि बहीण मार्गारेट हिचा पिपकिन नावाचा डाशहुंड यांची पिल्लं झाली. गोणपाट कुणी मागवलं नाही. त्यांना 'डॉर्गी' असं नाव ठेवलं आणि राणीने पुढे अशी आणखी पिल्लं मुद्दाम होऊ दिली. २०२२ मध्ये राणी वारली तेव्हा मागे दोन कॉर्गींबरोबर कँडी नावाची डॉर्गीही होती. केनेल क्लबच्या वहीत डॉर्गी ही जात आजही नाही. राणीला त्याने काही फरक पडला नाही, आणि आमच्या गल्लीतल्या काकूंना मात्र फार पडला. त्यांच्याकडे तर वहीही नव्हती.

मामांच्या प्रश्नाचं उत्तर आता. पाय कोणी कापले? २००९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ते शोधून काढलं. कॉर्गी, डाशहुंड, बॅसेट हाउंड अशा बुटक्या जातींत एफजीएफ-४ या जनुकाची एक जास्तीची प्रत असते. मूळ जनुक जागेवर आहेच, पण त्याची एक नक्कल कधीतरी हजारो वर्षांपूर्वी दुसर्‍याच ठिकाणी जाऊन चिकटली. नक्कल करताना मधले मधले तुकडे गळाले. आमच्या भाषेत सांगायचं तर कुणीतरी कोड कॉपी केला, कॉमेंट्स उडवल्या, भलत्याच फाइलमध्ये पेस्ट केला आणि तो चक्क चालला. तेव्हापासून प्रॉडक्शनमध्ये आहे. त्याने पायाच्या लांब हाडांची वाढ लवकर थांबते.

गंमत अशी की आखूड पायांना एकच प्रत पुरते. कॉर्गीकडे दोन असतात, त्यामुळे प्रत्येक पिल्लाला एक जातेच. म्हणून आई हस्की असो की शेफर्ड, कॉर्गीचं पिल्लू दिसतं ते आईचं धड कॉर्गीच्या पायांवर ठेवल्यासारखं. यादीतले सगळे फोटो एकाच साच्यातले का दिसत होते ते मला इथे कळलं. पण अशी दोन मिश्र पिल्लं मोठी होऊन त्यांना पिल्लं झाली तर साधारण चारांत एक लांब पायांचं निघणार, आणि बाकीच्या गुणांची तर भेळच.

आता हे खानदेशातल्या शेतकर्‍याला शिकवायला नको. १९७० मध्ये सुरतच्या कापूस संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हे कापसाचं वाण काढलं. व्यापारी पातळीवर लावलेला जगातला पहिला संकरित कापूस. सुरत म्हणजे आमच्या धुळ्याचं शेजार. कापसाच्या कळीतले पुंकेसर संध्याकाळी हाताने खुडायचे आणि दुसर्‍या सकाळी दुसर्‍या वाणाचे परागकण तिला लावायचे, असं एकेक फूल करत हे बी तयार होतं. मामा सांगतात, पहिल्या वर्षी बोंडं बघायला गावातली माणसं बांधावर यायची. काहींनी हुशारी करून त्याच कापसाची सरकी जपून पुढच्या वर्षी पेरली. शेतात एक झाड कमरेला, एक गुडघ्याला, एकाला बोंडं, एक नुसतंच हिरवंगार. हायब्रीडची सरकी पुन्हा पेरायची नसते, हे आमच्याकडे तेव्हापासून म्हातार्‍याकोतार्‍यांनाही पाठ.

शब्दाचं नशीब बघा. 'संकर' हा आपल्याकडे भीतीचा शब्द. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुनाला लढाई नको होती त्याच्या कारणांत वर्णसंकर आहे. आणि मराठीत कुत्र्याच्या ब्रीडला आपण सहज 'जात' म्हणतो, म्हणजे तो सगळा पसारा कुत्र्याच्या गळ्यातही बांधून ठेवलाय. 'खराब झाली' हे वाक्य काकूंनी कुत्र्यांच्या पुस्तकातून उचललं नव्हतं, ते त्यांच्या ओठांवर आधीपासूनच होतं. तोच शब्द कापसाच्या पिशवीवर छापून आला तेव्हा लोकांनी त्यासाठी रांगा लावल्या, चढा भाव दिला. गुजरातच्या पुढच्या एका संकरित वाणाचं, संकर-६ चं, तर व्यापार्‍यांच्या तोंडी 'शंकर-६' झालं आणि आज कापूसबाजारात तेच नाव रूढ आहे. संकराचा थेट महादेवच! (हायब्रीड ज्वारीच्या नशिबी मात्र हे भाग्य नव्हतं. तिची भाकरी गोड लागत नाही म्हणून अजून बोलणी खाते, आणि आम्ही पोरंही, "हायब्रीड खाऊन वाढलेली" म्हणून.)

टपरीखालच्या त्या बापाबद्दलही सांगायला हवं. त्याच्या जातीला इंग्रजांनी 'पराया डॉग' म्हटलं. तो शब्द मुळात तमिळ मुलखातल्या एका अस्पृश्य मानलेल्या जातीच्या नावावरून आलेला. साहेबाने इथल्या माणसांची उतरंड बघितली आणि कुत्र्यालाही तळाची पायरी दिली. त्याच्या छावण्यांतले तरुण अधिकारी मिळतील ती सरमिसळ कुत्री जमवून कोल्ह्यांच्या शिकारीला निघत. अशा कळपाला 'बॉबरी पॅक' म्हणत. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात हा 'बॉबरी' आपल्या 'बाप रे' वरून आल्याचं दिलंय. साहेबाच्या शिकारीतली सरमिसळ अशी मौजेची होती.

आणि खरी गंमत पुढे आहे. २०१५ मध्ये जगभरच्या गावठी कुत्र्यांच्या जनुकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भारत, व्हिएतनाम, इजिप्त इथल्या काही गावठी कुत्र्यांत युरोपी रक्ताची भेसळ जवळजवळ सापडली नाही. म्हणजे ज्याला आपण 'कुठल्याच जातीचं नाही' म्हणतो तो फार जुन्या वंशाचा. दीडशे वर्षांच्या वहीतली कुत्री त्याच्यापुढे कालची पोरं. अर्थात आता जळगावच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांबद्दल मी अशी पैज लावणार नाही. तिथे आमच्या पॉमबाईंसारख्या अनेकींचा हातभार लागलाय.

हे सगळं मी कन्येला रविवारी सांगितलं. (सरकीपर्यंत तिने ऐकलं.) मग मी तिला दुसर्‍या नकलेबद्दल सांगितलं. एफजीएफ-४ ची आणखी एक प्रत असते, ती २०१७ मध्ये सापडली. डाशहुंडमध्ये ती सर्रास असते, कॉर्गीतही आढळते. तिने मणक्यामधल्या चकत्या लवकर कडक होतात, सरकतात, आणि कुत्र्याचे मागचे पाय जाऊ शकतात. डॉर्गी म्हणजे हा धोका दोन्हीकडून. संकराने दोष झाकले जातात हे खरं, पण दोन्ही आईबापांचा दोष एकच असेल तर झाकणार कोण? राणीच्या कुत्र्यांना राजवाडा होता, आमच्याकडे लिफ्ट नसलेला तिसरा मजला आहे. शिवाय दुहेरी केसांचं ते कुत्रं मे महिन्यात जळगावला न्यायचं म्हणजे पंचेचाळीस अंशांत त्याला स्वेटर घालून फिरवण्यासारखं.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मग टफीची भावंडं कुठे गेली?" गोणपाटाची गोष्ट मी तिला कधी सांगितली नव्हती. त्या रात्री सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही आणि लॅपटॉप मिटून झोपायला गेली.

काल मामांचा फोन आला होता. त्यांच्या शेतावरची कुत्री व्यायलीये, पाच पिल्लं आहेत. मी विचारलं, बाप कोण? म्हणाले, "माले काय ठाव?" डोळे उघडायला अजून आठवडा आहे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही धुळ्याला जातोय. कन्येने आत्तापासून नावांची यादी करायला घेतलीये.