नैराश्य आणि मूलपेशी : वाचकाशी चार शब्द

या विषयाकडे कुणी जीवशास्त्राच्या ओढीने येतं, कुणी घरातल्या माणसाच्या गोळ्या वर्षानुवर्षं बदलून थकल्यावर. दोघांचंही स्वागत. फक्त दुसऱ्या वाचकाला आधीच सांगायला हवं : या पुस्तकात उपचार नाही, उपचाराचा शोध आहे.

प्रौढ मेंदूत नव्या चेतापेशी तयार होत नाहीत, ही समजूत फार काळ टिकली. १९६५ मध्ये जोसेफ ऑल्टमन आणि गोपाल दास यांनी उंदरांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात त्या दाखवल्या, तर कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९९८ मध्ये पुरावा माणसातच मिळाला. स्वीडनमधल्या काही कर्करुग्णांना गाठीची वाढ मोजण्यासाठी, विभागणाऱ्या पेशींच्या डीएनएत जाऊन बसणारं एक रसायन टोचलं होतं. त्यांतल्या पाच जणांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले, तेव्हा पीटर एरिकसन आणि फ्रेड गेज यांना तीच खूण हिप्पोकॅम्पसमधल्या चेतापेशींत दिसली.

नैराश्याशी दुवा जुळला तो २००३ मध्ये, रेने हेन यांच्या प्रयोगशाळेत. भुकेला उंदीर लख्ख उजेडात मधोमध ठेवलेल्या खाण्याकडे जायला बिचकतो. काही आठवडे फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध दिलं की त्याची भीड चेपते. पण क्ष-किरणांनी हिप्पोकॅम्पसमधली नव्या चेतापेशींची पैदास थांबवली, तर औषधाला गुण येत नाही.

मग नव्या पेशी घडवणाऱ्या मूलपेशी बाहेरूनच का देऊ नयेत? प्रश्न रास्त, पण घाईचा. अस्थिमज्जेतल्या मेसेन्कायमल मूलपेशी शिरेतून दिल्या तर बहुतेक फुप्फुसांतच अडकतात. त्यांच्याकडून खरी आशा आहे ती चेतापेशी होण्याची नाही, तर त्यांच्या स्रावांनी शरीरातला दाह शमवण्याची. दाह शमवून नैराश्य हटतं का, हे पाहायला दाहावरच्या इन्फ्लिक्सिमॅब या औषधाची चाचणी नैराश्याच्या रुग्णांवर झाली (निष्कर्ष २०१३ मध्ये छापले गेले), तेव्हा एकूण गटाला फायदा दिसला नाही. ज्यांच्या रक्तात दाहाच्या खुणा जास्त होत्या त्यांच्यात मात्र त्याची चिन्हं दिसली. मूलपेशींच्या चाचण्यांनीही आधी रुग्ण निवडायला शिकावं, असं माझं मत आहे.

वाद मिटलेले नाहीत. प्रौढ माणसात नव्या चेतापेशी होतात की नाही, यावर २०१८ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने दोन नेमके उलटे निष्कर्ष छापून आले. दोन्ही वाचावेत.

आणि एक विनंती. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नैराश्यासाठी मूलपेशी फक्त रीतसर चाचणीतच देता येतात. कुणी उपचार म्हणून विकत असेल, तर आधी चाचणीचा सीटीआरआय (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा. आणि चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.