फोर्स फील्ड अ‍ॅनालिसिस म्हणजे काय? बदल नेमका कुठे अडतो ते शोधायची पद्धत

नवीन अ‍ॅप आलं, सगळ्यांना मेसेज गेला, ट्रेनिंगही झालं. तरी लोक जुन्याच पद्धतीने काम करतायत. असं का होतं ते शोधायला एक कागद आणि पेन पुरतं. या पद्धतीचं नाव फोर्स फील्ड अ‍ॅनालिसिस.

ही कल्पना कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाची. हिटलरची सत्ता आल्यावर १९३३ मध्ये ते जर्मनी सोडून अमेरिकेत गेले. त्यांच्या मते आजची परिस्थिती म्हणजे एक रस्सीखेच असते. काही जोर बदलाकडे ढकलतात, काही अडवतात. ढकलणारा जोर वाढवला तर ताणही वाढतो. अडथळा काढला तर तोच बदल कमी ताणात होतो.

लेविन यांचा एक प्रयोग मला फार आवडतो. दुसऱ्या महायुद्धात चांगलं मांस सैन्याला लागत होतं. म्हणून लोकांनी जनावराचे गुर्दे, हृदय असे भाग खावेत अशी मोहीम अमेरिकेत चालू होती. गृहिणींच्या काही गटांना व्याख्यान दिलं गेलं. बाकी गटांना आपसात बोलायला लावलं: घरचे नाक मुरडतील, वास येईल, त्याचं काय करायचं? आणि शेवटी, कोण करून बघणार, हात वर करा. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के जणींनी ते नवं मांस घरी केलं. चर्चा केलेल्यांपैकी ३२ टक्के!

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे २०१६ मध्ये आलेलं यूपीआय. नोटाबंदीने जोराचा धक्का दिला हे खरं. पण खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकायची कटकट गेली, दुकानदाराला महागडं मशीन लागेना, छापलेला क्यूआर कोड पुरला. माझ्या मते भाजीवाल्यापर्यंत ते पोचलं ते यामुळे.

आता आमची फजिती. एका गोदामासाठी आमच्या टीमने हजेरीचं अ‍ॅप बनवलं होतं. कामगार वापरेनात, म्हणून आम्ही नोटिफिकेशन वाढवले. झालं उलटंच, काहींनी अ‍ॅपच काढून टाकलं. हजेरी न लागल्यामुळे एका दादांची अर्ध्या दिवसाची मजुरी कापली गेली, तेव्हा कुठे आम्ही तिथे जाऊन विचारलं. ते म्हणाले, "सुट्टी झाल्यावर पण तुम्ही आम्ही कुठे फिरतो ते बघणार ना?" अ‍ॅप सतत लोकेशनची परवानगी मागत होतं, आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मग लोकेशन काढलं, गेटवर क्यूआर लावला. कापलेली मजुरीही परत मिळाली, पण त्यासाठी दोन आठवडे भांडावं लागलं.

तुम्हाला करून बघायचं असेल तर कागदाच्या मधोमध उभी रेघ मारा आणि वर हवा तो बदल लिहा. डावीकडे ढकलणारे जोर, उजवीकडे अडवणारे. प्रत्येकाला १ ते ५ गुण द्या. हे गुण अंदाजच असतात, त्यामुळे बेरजेवर फार विसंबू नका. उजवी बाजू मात्र ज्यांना बदलायचंय त्यांनाच विचारून भरा. आम्ही ती एसीत बसून भरली असती तर 'लोकांना टेक्नॉलॉजी जमत नाही' एवढंच लिहिलं असतं. आणि कधीकधी उजवीकडचं कारण इतकं रास्त निघतं की बदल करायचाच नाही, असंही ठरू शकतं.