घाण्यापासून बितुआख लेउमीपर्यंत

आपले पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. धंदा स्वतःचा, तसा तोटाही स्वतःचाच. घाणा थांबला की मिळकत थांबे, आणि आधार काय तो भाऊबंदांचा.

इस्रायलात १९५४ साली बितुआख लेउमी सुरू झाली. १९७३ पासून बेकारभत्ताही मिळू लागला, पण नोकरदारांनाच. स्वतःचा धंदा करणारा अत्समाई बितुआखचे हप्ते भरत असे. धंदा बसला तर भत्ता मात्र त्याच्या वाट्याला नव्हता.

ही उणीव २०२० च्या कोरोनात उघडी पडली. बिनपगारी रजेवर गेलेल्यांना भत्ता मिळाला. छोटा दुकानदार, शिवणकाम करणारी बाई, समारंभात वाजवणारा वादक यांच्यासाठी सरकारला नवीच योजना काढावी लागली. करखात्यामार्फत पहिले अनुदान ६,००० शेकेलपर्यंत व दुसरे १०,५०० पर्यंत देण्यात आले. ते पूर्वीच्या कर-विवरणातील मिळकतीच्या प्रमाणात ठरे, म्हणजे थोड्या कमाईला थोडीच मदत. असंतोष वाढला आणि ११ जुलै रोजी तेल अवीवच्या राबिन चौकात हजारो लोक जमले.

नोकरदाराचा भत्ता कायद्याने आधीच ठरलेला होता. अत्समाईला संकट आल्यावर निर्णयाची वाट पाहावी लागली. अनुदान आणि हक्क यांतील हा फरक आपण विसरू नये. आणि ज्यांचा स्वतःचा धंदा आहे, त्यांनी हिशेबाची वही नीट ठेवावी. अडचणीच्या दिवसांत तीच साक्ष देते.