रांगेचा न्याय

दुखणाईत माणसें एकाच वेळीं दाराशीं येऊन ठेपलीं आणि वैद्याला हात मात्र दोनच असले, म्हणजे औषधाच्याही आधीं एक प्रश्न उभा राहतो : प्रथम कोणाला पाहावयाचें? आल्या क्रमानें पाहावें, तर शेवटीं आलेला अत्यवस्थ मनुष्य दारांतच प्राण सोडतो. मोठ्या माणसाला आधीं पाहावें, तर गरिबाला वाली उरत नाहीं.

या प्रश्नाचें स्पष्ट उत्तर रणांगणावर मिळालें. फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या युद्धांत जखमी शिपाई लढाई संपेपर्यंत बहुधा जागच्या जागींच विव्हळत पडे. ऱ्हाईन नदीवरील सैन्यांत असलेल्या दॉमिनिक झां लारे या शस्त्रवैद्यानें १७९२ सालीं हलक्या, वेगवान घोडागाड्यांची कल्पना मांडली व त्यांना 'उडत्या रुग्णगाड्या' असें नांव दिलें. पुढें नेपोलियनच्या मोहिमांतील आठवणी लिहितांना त्यानें नियम सांगितला कीं, ज्याची जखम अधिक घातक, त्याला आधीं हात लावावा. हुद्दा पाहूं नये.

क्रिमियन युद्धांत, १८५४-५५ सालीं, सेव्हास्तोपोलच्या वेढ्यांत निकोलाय पिरोगोव्ह या रशियन शस्त्रवैद्यापुढें जखमींचे लोंढे आले. त्यानें जखमी येतांच त्यांची निवड सुरू केली. तात्काळ शस्त्रक्रियेचे एकीकडे, उद्यांपर्यंत थांबूं शकणारे दुसरीकडे, किरकोळ जखमांचे तिसरीकडे. ज्यांची आशा उरली नव्हती, ते परिचारिका व धर्मोपदेशक यांच्या स्वाधीन. परंतु एवढ्यावर त्याचें समाधान झालें नाहीं. जखमींना एका जागीं कोंडून न ठेवतां मागील गांवीं पांगवावें, असा त्याचा आग्रह होता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ही निवड शहरांतील रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत रूढ झाली. ऑस्ट्रेलियानें शेवटच्या दशकांत पांच श्रेणी ठरविल्या : पहिल्या श्रेणीच्या रोग्याला तत्क्षणीं, दुसऱ्या श्रेणीच्या रोग्याला १० मिनिटांत, आणि पुढील तिघांना अनुक्रमें ३०, ६० व १२० मिनिटांच्या आंत पाहावयाचें. इंग्लंडनें २००० सालीं संकल्प केला कीं, २००४ पर्यंत कोणाही रोग्याला या विभागांत चार तासांहून अधिक तिष्ठत ठेवूं नये. पुढें ही अट शेंकडा ९८ रोग्यांपुरती झाली, आणि २०१० सालीं ती शेंकडा ९५ वर आली.

असें कां व्हावें? निवडीनें रांगेला न्याय मिळतो. रांग आंखूड होत नाहीं. गर्दी दाराशीं दिसते, पण तिचें मूळ बहुधा आंतल्या खाटांत असतें. वरच्या कक्षांत खाट रिकामी नसली, म्हणजे भरती ठरलेला रोगी खालींच पडून राहतो, आणि त्याच्या मागचा दारांत अडकतो. लारेचा धडा रुग्णालयांनीं आपलासा केला; पिरोगोव्हचा दुसरा धडा, म्हणजे पुढची वाट मोकळी ठेवण्याचा, अधिक कठीण व अधिक खर्चाचा आहे.

तोंवर बाकावर बसलेल्या रोग्याला निदान एक गोष्ट देतां येते : आपल्यामागून आलेला आधीं आंत कां गेला, याचें कारण. तें कळलें, तर थांबणें सुखाचें होत नाहीं. परंतु अपमानाचें वाटत नाहीं.