आजोबांचा 'ऑन' आणि चिपचा तुटवडा

इअरफोन लावलेत ना? आजचा भाग आलिशान गाड्यांचा, पण सुरुवात माझ्या आजोबांच्या स्कूटरपासून.

लायसन्स राजच्या काळात बजाज चेतकसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. आजोबांनी नंबर लावला तेव्हा बाबा शाळेत होते, स्कूटर आली तेव्हा कॉलेजात. ताबा घेताना एकानं छापील किमतीच्या वर चांगली रक्कम देऊ केली. या वरच्या पैशाला 'ऑन' म्हणायचे. आजोबा नाही म्हणाले. आजी अजून म्हणते, "दिली असती, तर पोराची फी निघाली असती."

मला वाटायचं, १९९१ नंतर हे संपलं. २०२१नं सांगितलं, नाही रे बाबा.

झालं असं. २०२०च्या लॉकडाउनमध्ये गाड्या विकेनात, म्हणून कार कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी कापल्या. आपण मात्र घरी बसून लॅपटॉप घेत होतो, त्यामुळे चिप कारखाने तिकडे वळले. मग गाड्यांची मागणी अचानक परतली, पण कार कंपन्या रांगेत मागे पडल्या होत्या. त्यात फेब्रुवारी २०२१मध्ये टेक्सासच्या कडाक्याच्या थंडीत तिथले चिप कारखाने बंद पडले. मार्चमध्ये जपानात रेनेसासच्या नाका इथल्या कारखान्यात आग लागली.

मग मिळतील त्या चिप कुठे वापरायच्या? जिथे नफा जास्त तिथे, म्हणजे महागड्या मॉडेलमध्ये. बीएमडब्ल्यूनं काही गाड्या स्क्रीनवरची टचची सोय काढून दिल्या. मर्सिडीजच्या गाड्या २०२१मध्ये आदल्या वर्षापेक्षा कमी विकल्या गेल्या, नफा मात्र वाढला! अमेरिकेत कित्येक डीलर 'मार्केट अ‍ॅडजस्टमेंट' म्हणत छापील किमतीवर हजारो डॉलर चढवू लागले. म्हणजे आपला 'ऑन'च की, फक्त उघड लिहिलेला.

आपल्याकडे वेगळंच घडलं. मर्सिडीजचा कारखाना पुण्याजवळ चाकणला आहे. ऑक्टोबर २०२१मध्ये कंपनीनं भारतात विक्रीची पद्धतच बदलली. आधी डीलर गाड्या विकत घेऊन ठेवायचा. पैसा अडकायचा, म्हणून वर्षअखेरीस डिस्काउंट द्यायचा. आता स्टॉक कंपनीचा, बिल कंपनीचं, किंमत देशभर एकच. डीलर गाडी दाखवतो, डिलिव्हरी आणि सर्व्हिस देतो, कमिशन घेतो. घासाघीस संपली. हा बदल फक्त तुटवड्यामुळे झाला असं नाही, पण गाडीच मिळत नसताना डिस्काउंट मागणार कोण? तुटवड्यानं ही वाट सोपी केली, असं मला वाटतं.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे क्यू लांबली की सर्व्हर वाढवतो. इथे कळलं, की क्यू लांब राहण्यातही कुणाचा तरी फायदा असतो. चेतकच्या काळात तो ऑनवाल्यांना व्हायचा, आता थेट कंपनीला. रांगेतला माणूस दोन्हीकडे तोच, थांबणारा.

तुमच्या घरी कुणी 'ऑन' दिला होता का? की नाकारला होता? आज जेवताना विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!